दुसरी रेघ

१

रस्त्यावरची मोटरसायकल शर्यतीच्या ट्रॅकसाठी तयार करायची म्हणजे आधी तिच्या अंगावरचं सगळं उतरवायचं. आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट, साइड स्टँड. जे जे रस्त्यावर कायद्याला लागतं आणि ट्रॅकवर पडलं तर मागच्याच्या चाकाखाली येतं, ते सगळं. मिस्त्री हे काम एके काळी डोळे मिटून करायचा. गेली एकोणीस वर्षं मात्र त्याने असल्या गाडीला हात लावला नव्हता. कोणी आणलीच तर 'पाठ धरलीय' म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या गॅरेजचा पत्ता द्यायचा. गिऱ्हाइकं आपसात म्हणत, मिस्त्रीची पाठ गाडी बघून दुखते.

या खेपेला पाठ कामाला येणार नव्हती. गाडी पुतणीची होती.

पुतणी त्याच्या धाकट्या भावाची मुलगी, बावीस वर्षांची. बाप गेला तेव्हा तीन वर्षांची होती, त्यामुळे त्याचा चेहरा तिला फोटोतलाच ठाऊक. गाडी दारात लावून ती आत आली आणि मिस्त्रीच्याच स्टुलावर बसली.

"काका, येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी ट्रॅक डे आहे. होईल ना तोवर?"

"दुसरीकडे दाखव ना. माझी पाठ..."

"दाखवली असती. पण आई म्हणाली, काकांच्या हातची असेल तरच जायचं. नाहीतर विषय बंद." ती हसली. "आणि तुम्ही घाबरू नका हो. बाबांची चूक मी नाही करणार. वेळेवर ब्रेक दाबीन."

मिस्त्रीने पाना उचलला आणि डावा आरसा सोडवायला घेतला. होकार-नकार काहीच तोंडातून निघाला नव्हता, पण हातांना तेवढ्यात काहीतरी काम हवं होतं. आरसा सुटून हातात आला तसा पुतणीने तो होकारच धरला आणि ती गेली.

२

दोघा भावांची एक पद्धत होती. बोल्ट आवळला की आवळणाऱ्याने बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत एक पांढरी रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. एवढं तर सगळेच करतात. धाकट्याने त्यात भर घातली होती. दुसऱ्याने तोच बोल्ट पुन्हा पाना लावून तपासायचा आणि शेजारी लाल रेघ मारायची. ज्याने आवळला त्याने लाल रेघ मारायची नाही, मग भले घराला आग लागलेली असो.

"दादा, स्वतःचा पेपर स्वतः तपासणाऱ्यावर आपला विश्वास नाही," असं तो म्हणायचा आणि खिशातून बायकोचं नेलपॉलिश काढायचा. लाल रंग म्हणून त्याला तेच लागायचं. गडद, जांभळ्याकडे झुकणारं. भावजय चिडायची, "माझी नखं कोरी आणि यांचे बोल्ट नटलेले!" धाकटा डावखुरा. त्याची रेघ जराशी तिरकी यायची आणि शेवटी तिला बारीक शेपूट फुटायचं.

आता दुसरं कोणी नव्हतं. मिस्त्रीने ठरवलं, फक्त पांढरी रेघ मारायची आणि प्रत्येक बोल्ट दोनदा तपासायचा. पहिले दोन दिवस उतरवण्यात गेले. फायबरचं नवं कवच आलं, पाय ठेवायचे पायटे वर आणि मागे सरकले. इंजिन थंड ठेवणारं कूलंट काढून त्याने रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलं, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागचा घसरून मरतो. सोडवलेले दोन्ही आरसे त्याने समोरच्या फळीवर टेकवून ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो इंजिनाखालचा ऑइलचा बोल्ट आवळायला बसला. टॉर्कचा पाना ठरलेल्या जोरापर्यंत आला की 'कट्' असा आवाज करतो आणि माणूस थांबतो. पाना वाजला. कट्.

आणि मागोमाग पुन्हा वाजला. कट्.

मिस्त्रीने पाना बोल्टावरून काढून हातात धरला होता. शटरच्या पत्र्यावर आवाज आपटला असेल, असं त्याने ठरवलं. पाना जमिनीवर आपटून पाहिला, टाळी वाजवून पाहिली. पत्रा गप्प होता. पुढचा बोल्ट आवळला. कट्. श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ गेला. कट्.

"झालं, कानही गेले," तो मोठ्याने म्हणाला आणि रेडिओ लावला. दुपारी जेवायला मागच्या खोलीत गेला, हात धुऊन परत आला, तर सकाळी आवळलेल्या सगळ्या बोल्टांवर पांढऱ्याशेजारी लाल रेघ होती. तिरकी, शेवटी बारीक शेपटाची. त्याने बोट लावलं तर बोटाला रंग लागला.

३

धाकटा गेला त्या दिवसाबद्दल सांगायलाच हवं. मिस्त्रीने ते आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

ट्रॅकवर पोचल्यावर पुढच्या ब्रेकचे पॅड बदलायचं ठरलं. धाकटा चालकांना मिळणाऱ्या सूचना ऐकायला गेला होता. मिस्त्रीने पॅड घातले, पॅड धरून ठेवणारा कॅलिपर जागेवर बसवला, दोन्ही बोल्ट बोटांनी फिरवून टेकवले. वरचा पान्याने आवळला. कट्. तेवढ्यात शेजारच्या तंबूतल्या माणसाने हवेचा पंप मागितला. तो शोधून देऊन मिस्त्री परत आला, तेव्हा 'कट्' अजून कानात होतं. एकाचं की दोन्हींचं, हे कानाने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. त्याने दोन्ही बोल्टांवर पांढरी रेघ मारली.

धाकट्याच्या गटाला हाक गेली होती. हेल्मेट चढवत तो पळत येत होता. आता त्याच्या हातात पाना द्यायचा, तपासायला लावायचं, म्हणजे पहिली फेरी हुकली. एवढ्याशासाठी कशाला, असं मिस्त्रीला वाटलं. त्याने नेलपॉलिशची बाटली उघडली आणि दोन लाल रेघा ओढल्या. उजव्या हाताच्या, सरळ.

धाकट्याने वाकून चाकाकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. ती रेघ आपली नाही, हे त्याला कळलं असणारच. त्याने भावाच्या खांद्यावर थापटलं आणि गाडीवर बसला.

चौथ्या फेरीत, लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, गाडी वळलीच नाही. बघणारे म्हणाले, त्याने ब्रेकच दाबला नाही. म्हणाले, पोराच्या अंगात वारं शिरलं होतं. मिस्त्रीने गाडी घरी आणली आणि दार लावून एकट्याने उघडली. खालचा बोल्ट नव्हताच, ट्रॅकवर कुठे पडला तो पडला. वरचा वाकला होता, त्यावर दोन्ही रेघा शाबूत होत्या. तो बोल्ट त्याने खिशात टाकला, गाडी भंगारात दिली आणि लोक जे म्हणत होते ते त्यांना म्हणू दिलं. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, अशी मनाची समजूत घातली. मनाने ती कधी घालून घेतली नाही.

त्यानंतर भावजयीच्या घरात काहीही मोडलं तरी तिचा निरोप पोचायच्या आत मिस्त्री पेटी घेऊन हजर. नळ गळो, खिडकीची कडी निसटो, खुर्ची डुगडुगो. काम झालं की लगेच चप्पल पायात. चहा सोडा, तो पाण्यालाही थांबायचा नाही. "भाऊजी, बसा तरी दोन मिनिटं," ती म्हणायची. "गिऱ्हाईक थांबलंय," हा म्हणायचा. एकोणीस वर्षं त्याचं गिऱ्हाईक थांबलेलंच होतं.

४

लाल रेघा त्याने थिनरने पुसल्या. दुसऱ्या दिवशी जेवून आला तर पुन्हा होत्या.

मिस्त्री यंत्रांवर जगलेला माणूस. आवाज झाला तर काहीतरी हलतंय, हलतंय तर काहीतरी ढिलं आहे, एवढाच त्याचा धर्म. त्याने कुलूप तपासलं. किल्ली एकच आणि ती त्याच्या करगोट्याला. आपणच भान हरपून मारतोय की काय, म्हणून स्वतःची बोटं नखांपर्यंत तपासली. पण मग रंग कुठला? ती बाटली तर त्याने तेव्हाच फेकली होती. पंक्चरच्या कामाची पांढरी पावडर त्याने गाडीभोवती जमिनीवर पसरली आणि दार ओढून मागच्या खोलीत जाऊन बसला. भिंतीपलीकडून आवाज येत राहिले. कट्. थोडं थांबून, कट्. कोणीतरी घाई न करता, एकेक बोल्ट तपासत होतं. आवाज थांबल्यावर तो बाहेर आला. पावडरीवर पाऊल उमटलं नव्हतं. लाल रेघा ओल्या होत्या आणि हवेत नेलपॉलिशचा गोडसर, डोक्यात जाणारा वास होता.

त्या दिवशी तो घाबरला, हे खरं. पण त्यानंतर जे झालं त्याची त्याला जास्त लाज वाटली. तो वाट बघू लागला. सकाळी शटर उघडताना पावलं झपझप पडू लागली. बोल्ट आवळला की तो पाना खाली ठेवून थांबायचा, आणि दुसरा आवाज आला की पुढच्याकडे वळायचा. एकदा तर तोंडातून निघूनही गेलं, "हा जरा नीट बघ रे." इतक्या वर्षांत कोणाला 'रे' म्हणाला नव्हता.

पुढच्या बुधवारी पुतणी डोकावली. कवचाखाली वाकून बघताना तिचा चेहरा उजळला.

"अय्या, दोन्ही रेघा! आई सांगते तशाच!" मग ती थबकली. "पण काका, लाल तर दुसऱ्याने मारायची असते ना? कोणी मारली?"

मिस्त्री कपड्याला हात पुसत राहिला. खरं सांगावं तर पोरगी घाबरेल, किंवा हसेल, किंवा पुढचा प्रश्न विचारेल. तो पुढचा प्रश्न त्याला नको होता.

"मीच," तो म्हणाला.

ती "बरं" म्हणाली आणि गेली. संध्याकाळी शटर ओढताना त्याच्या लक्षात आलं, नेलपॉलिशचा वास गेला होता.

५

पुढचा ब्रेक त्याने शेवटी ठेवला होता. ठेवला होता म्हणजे टाळला होता. गुरुवारी टाळायला दुसरं काही उरलं नाही.

नवे पॅड, नवे बोल्ट. डावीकडचा वरचा आवळला. कट्. बऱ्याच वेळाने, जणू विचार करून, दुसरा आवाज आला. खालचा आवळला. कट्. तो थांबला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. दुसरा आवाज आला नाही.

जेवून आल्यावर त्याने बॅटरी लावून पाहिलं. सगळ्या बोल्टांवर लाल रेघ होती, वरच्यावरही. खालच्या एकट्या बोल्टावर फक्त त्याची पांढरी. त्याने तो सोडवला, आटे साफ केले, पुन्हा आवळला. मग बोल्टच बदलला. मग दुसऱ्या खोक्यातला आणला. दिवसभरात दहा वेळा तरी आवळला असेल. पाना दरवेळी वाजला, आणि दरवेळी एकटाच वाजला.

शुक्रवारी दुपारी तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि लाल नेलपॉलिश मागितलं. "मिस्त्री, या वयात कोणासाठी?" दुकानदाराने डोळे मिचकावले. मिस्त्री हसलासुद्धा. संध्याकाळी पुतणी गाडी न्यायला येणार होती. तिने वाकून पाहिलं की तिला एक रेघ कमी दिसणार, आणि ती विचारणार. एका रेघेचा तर प्रश्न होता.

तो चाकाशी गुडघ्यांवर बसला. बाटली उघडली, ब्रश उजव्या हातात धरून बोल्टापर्यंत नेला. तेव्हा त्याची नजर सहज समोरच्या फळीवरच्या आरशांवर गेली.

आरशात गाडीचं चाक दिसत होतं, कॅलिपर दिसत होता, आणि कॅलिपरपाशी तो स्वतः दिसायला हवा होता. तिथे वाकलेली एक तरुण पाठ होती. मानेवर कॉलरखाली शिरलेले केस होते, ते कापायला भावजय महिनोन्‌महिने मागे लागायची. चेहरा खाली होता. डावा हात बोल्टापर्यंत आला, तिथे थांबला, मागे गेला आणि पँटला पुसला गेला. पुन्हा आला. पुन्हा थांबला. काम मनासारखं नसलं की धाकटा असंच करायचा, बोलून दाखवायचा नाही.

मिस्त्रीने मान वळवली. शेजारी कोणी नव्हतं. पुन्हा आरशात पाहण्याची हिंमत त्याला झाली नाही. ब्रशवरून लाल थेंब जमिनीवर पडला होता. त्याने बाटलीचं झाकण लावलं.

"काय पाहिजे तुला?" त्याने चाकाकडे बघत विचारलं. विचारतानाच त्याला उत्तर ठाऊक होतं.

६

पुतणी आली ती सरळ पुढच्या चाकाशीच बसली.

"काका, इथे लाल नाही."

"तू बघ. पाना घे."

तिला वाटलं काका शिकवतायत. तिने उत्साहाने पाना लावला आणि जोर दिला. बोल्ट फिरला. पाव फेरा तरी फिरला असेल, मग पाना वाजला. पांढरी रेघ मधोमध तुटून दोन तुकडे झाले होते.

"तुम्ही आवळला होता ना?"

"काल, दहा वेळा."

मग त्याने सांगायला सुरुवात केली. त्याला वाटलं होतं हे सांगायला जन्म पुरणार नाही. प्रत्यक्षात पाच मिनिटंही लागली नाहीत. पंप, पाना, दोन सरळ रेघा, खिशात घातलेला बोल्ट. धाकट्याने त्या रेघा पाहिल्या होत्या हे, आणि आरशाबद्दलही, तो बोलला नाही. ते सांगितलं असतं तर दोष वाटला गेला असता, आणि तो वाटून घ्यायला दुसरं कोणी नव्हतं.

पुतणी पाना कपड्याने पुसत बसली होती. आधीच स्वच्छ होता तो.

"म्हणजे बाबांनी ब्रेक दाबला होता."

"दाबला असणारच. गाडीच थांबली नाही."

"मी एवढी वर्षं रागावलेय त्यांच्यावर," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मला वाटायचं, घरी मी आहे हे तेव्हा त्यांच्या लक्षातच नसेल."

मिस्त्रीला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. तो हात आपला आहे, हे आठवून त्याने ठेवला नाही.

तिने त्या जागी नवा बोल्ट घातला, पाना वाजेपर्यंत आवळला, पांढरी रेघ मारली. मग मिस्त्रीने आणलेली लाल बाटली उचलून फळीवर ठेवली, आरशांच्या मध्ये.

"लाल राहू दे. आईने मला तुमच्या भरवशावर सोडलंय. आधी तिला सांगा. ऐकून ती जा म्हणाली तर जाईन, नको म्हणाली तर नाही." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "उद्याच सांगा काका. मी नाही सांगणार."

७

शनिवारी सकाळी भावजयीने दार उघडलं आणि आधी त्याच्या हातांकडे पाहिलं.

"पेटी नाही आणलीत? मोडलेलंही काही नाही आज."

"नाही. बसायला आलोय."

ती बाजूला झाली. तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि तिने गॅसवर चहाचं आधण ठेवलं. एकोणीस वर्षांत तो या घरात पहिल्यांदा बसत होता. काम करताना माणसाला फक्त हातातला स्क्रू दिसतो. आता तो रिकाम्या हातांनी बसला होता, म्हणून घर दिसत होतं.

समोर खिडकीची कडी होती, मागच्या वर्षी त्याने बसवलेली. तिच्या चारही स्क्रूंवर लाल रेघ होती. तिरकी, शेवटी बारीक शेपटाची.

त्याने नजर काढून घेतली आणि ती नळावर गेली. तिथेही होती. कपाटाच्या बिजागऱ्यांवर होती. भांड्यांच्या मांडणीवर होती, फिकट, पुसट झालेली, कारण ती मांडणी त्याने पहिल्याच वर्षी ठोकली होती. टेबलाखाली वाकून त्याने आपल्या खुर्चीच्या पायाचा बोल्ट पाहिला. त्याने हात लावलेलं एकही काम तपासल्यावाचून सुटलं नव्हतं.

"काय शोधताय?" भावजयीने विचारलं.

"या रेघा..."

"तुमच्याच की." ती साखर टाकत होती. "तुम्ही काम करून गेलात की दुसऱ्या दिवशी दिसतात. मी म्हणायचे, भाऊजी चहाला थांबत नाहीत आणि रेघ मारायला मागून कधी येऊन जातात? पण तुम्ही बोलत नाही, म्हणून मीही विषय काढला नाही. यांची आठवण म्हणून करत असाल." ती वळली. चेहऱ्यावर थोडं हसू होतं, खूप दिवस जपून ठेवलेलं. "रोज दिसतात मला. बरं वाटतं हो. फक्त एक विचारायचं राहून जातं. हा रंग मी लावायचे, तो बाजारातून जाऊन कितीतरी वर्षं झाली. तुम्हाला कुठे मिळतो?"

आधण उकळायला लागलं होतं. तिने गॅस बारीक केला आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

मिस्त्रीने खिशात हात घातला. वाकलेला बोल्ट काढून टेबलावर तिच्या बाजूला ठेवला. त्याच्या डोक्यावर एक पांढरी आणि एक लाल रेघ होती, दोन्ही सरळ.

"याच्यावरची मी मारली," तो म्हणाला. "फक्त याच्यावरची."